धाकटी बदलीवर

आम्हा दोघी बहिणींत नोकरी एकच. नाव माझं आणि कष्ट धाकटीचे. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी जिथे धुतल्या जातात त्या लाँड्रीत मी लग्नाआधीच लागले होते. माझ्या लेकीच्या, ठकीच्या वेळी पोट पुढे आलं, ओल्या चादरींचे पिळे उचलवेनात, तेव्हा माझा पास गळ्यात अडकवून धाकटी जायला लागली. आम्ही दोघी एकाच साच्यातल्या. तेच बसकं नाक, तेच पुढे आलेले दात. मुकादमाला पहिल्याच दिवशी कळलं. त्याने पासावरचा फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मला चादरी मोजायच्यात, तोंडं नाहीत."

लाँड्रीत याला बदलीवर येणं म्हणतात. निम्मी लाँड्री कुणाच्या ना कुणाच्या बदलीवर असते. आईच्या जागी लेक, जावेच्या जागी जाऊ. एका वारलेल्या माणसाच्या जागी तर त्याचा मेहुणा कितीतरी दिवस येत होता, आणि मुकादम सगळ्यांना त्या मेलेल्या माणसाचं उदाहरण द्यायचा, बघा, एक खाडा नाही म्हणून.

धाकटीला बदलीची सवय लहानपणापासूनची. शाळेत टोचायला माणसं आली की मी संडासात लपून बसायचे आणि ही बाई माझं नाव सांगून पुन्हा रांगेत उभी राहायची. दोन्ही दंड सुजवून घेऊन यायची आणि म्हणायची, "ताई, तुझं झालं." आईला हे कधीच कळलं नाही. मला खूप दिवस असंच वाटायचं की धाकट्या बहिणी त्यासाठीच असतात.

ठकी रांगायची थांबून पळायला लागली त्या सुमाराला मला क्षय निघाला. आमच्या गल्लीला त्याचं नवल नाही. खोल्या एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की आपली खिडकी उघडावी तर ती शेजाऱ्याच्या भिंतीला लागते. एकाने सोडलेला श्वास दुसऱ्याच्या घरी जातो. दर दोन दारांआड कुणीतरी खोकत असतं आणि विचारलं की म्हणतं, थंडीमुळे. मग उन्हाळा आला की म्हणतं, धुळीमुळे. माझं निदान झालं तसा नवरा कामाच्या शोधात बाहेरगावी गेला. तो अजून शोधतोच आहे.

दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. कधी मिळायच्या, कधी खिडकीतला माणूस म्हणायचा, "साठा संपलाय, पुढच्या आठवड्यात या." पुढच्या आठवड्यात गेलं की त्याच्या पुढच्या. मधल्या दिवसांत माझ्या छातीतले जंतू काही हातावर हात धरून बसले नव्हते. अर्धवट मार खाऊन ते निर्ढावले. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि सांगितलं की या गोळ्यांना ते आता दाद देत नाहीत, दुसरी औषधं लागतील, जड आणि लांबलचक. आणि मुलीला जवळ घ्यायचं नाही. साठा दवाखान्याचा संपला आणि आई ठकीची गेली, हा कुठला न्याय ते मला कुणी सांगितलं नाही.

गच्चीवर एक पत्र्याची खोली होती. घरमालक तिच्यात रिकामी पिंपं ठेवायचा. पिंपं बाहेर गेली आणि मी आत आले. ठकी खाली धाकटीजवळ राहिली, दिवसा शेजारणीकडे. धाकटीने लग्नाचा विषय आधीच बाजूला टाकला होता, आता तर मूलही आयतं मिळालं, असं ती हसून म्हणायची. सुरुवातीला त्या दोघींचीही तपासणी झाली, छातीचे फोटो काढले, दोघी स्वच्छ निघाल्या. काही महिन्यांनी परत या असं सांगितलं होतं. पण बदलीवाल्याला रजा नसते. बदलीची बदली कुठून आणायची?

नर्सबाई रोज सकाळी गच्चीवर यायच्या आणि मी गोळ्या गिळते का ते समोर उभं राहून बघायच्या. मूठभर गोळ्या. त्यांनी पोटात आग व्हायची, तळपाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळायचे, आणि तोंडाचा रंग पालटत गेला. मी सावळी होते ती तव्याच्या बुडासारखी झाले. आरशात बघून धाकटीला म्हटलं, "आता तू माझ्यासारखी राहिलीस, मी नाही."

"बरी झालीस की उजळशील," ती म्हणाली. नर्सबाईही तसंच म्हणाल्या होत्या. दोघींच्याही बोलण्यात बरं झाल्यानंतरचं होतं. माझ्या मनात मात्र फक्त ठकी होती.

संध्याकाळी ठकी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची आणि मी तोंडाला फडकं बांधून वरच्या. ती मला दिवसभराच्या बातम्या सांगायची. मांजरीने काय केलं, माऊने काय केलं. धाकटीला ती माऊ म्हणते. बोलता बोलता विसरायची आणि वर चढायला लागायची, मग मी उठून मागे सरायचे. जिन्याच्या तोंडाशी एकदा तिचा पाय निसटला, कपाळ आपटलं. मी दोन पावलं पुढे गेले आणि खांबाला धरून थांबले. ती माझ्याकडे बघून रडली नाही. उलटी फिरली आणि "माऊ, माऊ" करत खाली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळ्या गिळल्या आणि नर्सबाई गेल्यावर पत्र्यावर डोकं आपटून घेतलं. क्षयाने माणूस झिजतो म्हणतात. मला झिजवलं ते त्या जिन्याने.

मग डॉक्टरांनी सांगितलं की या खेपेची तपासणी महत्त्वाची. बेडका स्वच्छ निघाला तर मुलीला जवळ घ्या, खाली राहायला जा. नाही निघाला तर शहराबाहेरच्या मोठ्या इस्पितळात जावं लागेल, आणि तिथून कधी सुटका होईल ते आत्ता सांगता येणार नाही. मी मनात म्हटलं, तिथून येईन तेव्हा ठकी मला ओळख विचारेल. जगायचं की मरायचं हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नव्हता. ठकीला पोटाशी घेऊन झोपायला मिळणार की नाही, एवढाच होता.

अडचण अशी की मला खोकलाच येईना. मागच्या खेपेला मी डबीत जे दिलं ते नर्सबाईंनी उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "अहो, ही थुंकी आहे. मला बेडका हवा." डबी परत आली आणि तपासणी पुढे ढकलली. या वेळी मी पहाटेपासून गच्चीच्या कठड्याला धरून खोकत होते. बरगड्या दुखायला लागल्या. डबीत नुसता फेस. माणसाने बरं व्हावं तर त्याचीही चोरी.

"दे इकडे, जाता जाता टाकते दवाखान्यात," धाकटी खालून म्हणाली. तळपायांमुळे मला तेवढं चालवत नसे. मी डबी वरच्या पायरीवर ठेवून मागे सरले. तिने ती उचलली, झाकण उघडून बघितलं, आणि पदराखाली धरून गेली. जिना उतरताना ती खोकली. ती नेहमीच खोकायची. लाँड्रीत ब्लीचची वाफ असते, चादरींचा भुसा उडतो, तिथे जो खोकत नाही त्याला लोक नवखा समजतात. धुलाईचा खोकला म्हणतात त्याला. तो मलाही होता, आधी.

निकालाच्या दिवशी मी रिक्षाने दवाखान्यात गेले, ती जेवणाच्या सुट्टीत धावतपळत आली. मला म्हणाली, "ठकीला सांगून ठेवलंय, आज आई खाली झोपायला येणार. सकाळी निघताना माझी उशी ओढत होती, आईला देते म्हणून."

"आधी कळू तर दे."

"कळलेलंच आहे," ती म्हणाली, आणि गालातल्या गालात हसली. मला वाटलं, वेडी माया.

डॉक्टरांनी कागद बघितला, पुन्हा बघितला, मग चष्मा काढला. चांगली बातमी द्यायला कुणी चष्मा काढत नाही.

"जंतू आहेत," ते म्हणाले. "पुष्कळ आहेत."

"पण मला खोकला नाही. ताप नाही. वजन वाढलंय माझं."

"दिसतंय मला. पण कागद हे सांगतोय. औषध लागू पडत नाहीये. इतके महिने तुम्ही घेतलंत, सगळं..." त्यांनी चिठ्ठ्यांचं पुस्तक पुढे ओढलं. "मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी देतो. या आठवड्यातच जा."

मी खुर्चीवर बसून राहिले. ओरडावं असं वाटलं नाही. पायातली आग एकदम थांबली, जणू पायच नव्हते. माझ्या मनात उशी आली. ती पोर उशी घेऊन जिन्यापाशी बसली असणार, आणि तिला कोण सांगणार? धाकटी दाराला टेकून उभी होती. तिचा रंग माझ्यापेक्षा वाईट झाला होता. तिने माझा दंड धरला आणि मला ओढतच बाहेर नेलं, दवाखान्याच्या मागे पाण्याची टाकी आहे तिथवर.

"ताई, ते तुझं नव्हतं."

"काय माझं नव्हतं?"

"डबीतलं. तुझा नुसता फेस होता. परत पाठवली असती, पुन्हा महिना गेला असता. मी गल्लीतल्या नळावर ओतून दिलं, डबी विसळली आणि माझं घातलं."

"तुझं?"

"मला सकाळी भरपूर येतो ना. आणि मी धडधाकट. म्हटलं, स्वच्छच निघणार. तुझं काम होऊन जाईल." हे तिने साध्या आवाजात सांगितलं. बारा गाडे भरून चादरी इस्त्रीला लावल्या, असं मुकादमाला सांगावं तसं.

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आनंदच आला. म्हणजे ते जंतू माझे नाहीत. मी कदाचित बरी झालेय. टाकीला धरून मी चक्क हसले. धाकटीही हसायला गेली. म्हणाली, "मी डबी नीट धुतली नसेल. नाहीतर तिथल्या माणसांनीच घोळ घातला असेल, त्यांना काय." आणि तिला खोकला आला. ओला, छातीच्या तळापासून येणारा. तो मी वर्षानुवर्षं ऐकत होते. त्या दिवशी पहिल्यांदा दोघींनी तो थांबेपर्यंत ऐकला.

मग तिने तोंडावर हात ठेवला आणि माझ्यापासून मागे सरली. मी जिन्यावर सरायचे तशीच.

"ताई," हाताआडून ती म्हणाली, "ठकी माझ्या कुशीत झोपते."

माझा हात उठला. मला तिला मारायचं होतं. तिने तोंडावरचा हात काढला आणि गाल पुढे केला. डोळे मिटून घेतले. शाळेत टोचून घ्यायला उभी राहायची, अगदी तशी. माझ्या वाट्याचं आलं की तिला उभं राहण्याची तेवढी एकच रीत माहीत होती. मला मारता आलं नाही आणि तिला जवळही घेता आलं नाही.

आत जाऊन मीच डॉक्टरांना सांगितलं. ते आधी भडकले. "तुम्हाला कळतं का, तुम्हाला मी विनाकारण कुठे पाठवत होतो? आणि हिला औषधच मिळालं नसतं." मग धाकटीकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. "किती दिवसांपासून खोकता?"

"ते धुलाईचं आहे," धाकटी म्हणाली.

नर्सबाईंनी दोन डब्या दिल्या आणि या वेळी समोर उभ्या राहिल्या. मला यंत्रातली खारी वाफ ओढायला लावून खोकवलं. माझा निकाल आला, स्वच्छ. धाकटीच्या छातीत माझेच जंतू निघाले, माझ्यासारखेच निर्ढावलेले. डॉक्टर म्हणाले, फार आधी, तुम्ही एका खोलीत झोपत होता तेव्हाच गेले असणार. दबून बसले आणि आता उठले. आम्ही मला गच्चीवर टाकलं, जिन्यावर पहारा ठेवला, पोरीला आईपासून तोडलं, आणि ते खाली तिच्या उशाशीच होतं.

मी बरी झाले. ज्या शब्दासाठी इतक्या मुठी गोळ्या गिळल्या तो शब्द मिळाला, आणि तो मला कुणाला सांगावासा वाटला नाही.

धाकटी त्याच दिवशी वर गेली आणि मी खाली आले, पण ठकी माझ्याजवळ येईना, धाकटीची उशी घेऊन कोपऱ्यात झोपली. अंथरूण बदलायची गरज पडली नाही, माझंच तिने घेतलं. दुसऱ्या दिवशी मी पास गळ्यात अडकवून लाँड्रीच्या फाटकाशी गेले. इतक्या काळाने माझ्याच नोकरीवर. फाटकावरच्या माणसाने फोटो पाहिला, माझं काळवंडलेलं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "ही तू नाहीस." मुकादम बाहेर आला. त्यालाही मी कुणीतरी तिसरीच वाटले. "ज्याची त्याची बदली चालते," तो म्हणाला, "पण फोटोतलीला सांग, स्वतः येऊन बोल म्हणावं." मी काय सांगणार, की फोटोतली मीच? मी परत फिरले.

ठकी इतक्यात वाळली होती. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. धाकटी म्हणायची, उंची वाढतीये, पोरं उंच होताना वाळतात, आणि आम्ही दोघींनी ते मानलं होतं, कारण मानायला ते सोपं होतं. नर्सबाई म्हणाल्या, "लहान मुलांना बेडका थुंकता येत नाही, ती गिळतात. सकाळी उठल्या उठल्या, पोटात काही जायच्या आधी आणा. नाकातून नळी घालून पोटातून काढावं लागेल."

झोपेतच तिला उचलून आणलं. ती वाटेत जागी झाली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली, माऊ येतेय का म्हणून. दवाखान्यात एक उंच लोखंडी स्टूल होतं. नर्सबाईंनी विचारलं, "आई कोण? आईनं धरायचं."

मी स्टुलावर बसले. त्यांनी सांगितलं तशी ठकीला मांडीवर घेतली, पाठ माझ्या छातीला लावून. एका हाताने तिचे दोन्ही हात आवळले, दुसऱ्याने कपाळ माझ्या गळ्याशी दाबून धरलं, पाय माझ्या पायांत अडकवले. तिच्या केसांना धाकटीच्या उशीचा वास होता. इतके महिने मी त्या पत्र्याखाली रोज ठरवायचे की पहिल्यांदा जवळ घेईन तेव्हा कशी घेईन. तिला आधी नखशिखांत बघेन, मग तिचे तळवे गालाला लावेन. असं काय काय ठरवलं होतं.

नळी नाकात गेली तशी ती किंचाळली. अंगात एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं. "माऊ," ती ओरडत होती, "माऊ, ही बघ." ही म्हणजे मी. "घट्ट धरा," नर्सबाई म्हणाल्या, "हलली तर पुन्हा घालावी लागेल." मी आणखी घट्ट धरली. माझे अश्रू तिच्या कानात जात होते आणि ती मान झटकत होती. नळीतून थोडं गढूळ पाणी वर चढलं आणि डबीत पडलं.

"झालं. सोडा आता," नर्सबाई म्हणाल्या. मी हात सैल केले, पण तिला खाली ठेवलं नाही. हुंदके हळूहळू कमी झाले. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, इतक्या जवळून बहुतेक पहिल्यांदाच.

"माऊ का नाही आली?"

"माऊ वर आहे. तिला बरं नाहीये. आज तिच्या बदली मी आले."

नर्सबाई डबीला झाकण लावत होत्या. म्हणाल्या, "उद्यापण आणा हं, अशीच उपाशी. एकदा काढून भागत नाही."

ठकीने ते ऐकलं. नाक पुसलं, जरा विचार केला आणि मला समजुतीच्या सुरात म्हणाली, "उद्या तू नको येऊ. उद्या माऊला पाठव."